बालाजीरावांचा काटा

आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. भाजीवाल्याने मूठभर कोथिंबीर फुकट दिली तरी ही पोरगी त्यात अळी शोधत बसते, असं आई म्हणते, आणि खोटं काही म्हणत नाही. पण चेन्नईला आल्यावर मला असा एक माणूस भेटला की त्याच्यापुढे मी म्हणजे अगदीच भोळी. बालाजीराव त्यांचं नाव. आणि याच माणसाला मी लबाड ठरवलं. नुसतं मनात नव्हे, कागदावर, खाली सही करून. त्याची ही गोष्ट.

मी क्षमा, कोल्हापूरची, जहाजांची इंजिनियर. रंकाळ्यापलीकडे पाणी न पाहिलेल्या गावातल्या मुलीला जहाजं कुठून सुचली, हा प्रश्न मला बघायला आलेल्या प्रत्येक मंडळीने विचारून झालाय. असो. चेन्नईच्या उत्तरेला, एन्नोरच्या पुढे, एक खाजगी यार्ड आहे. तिथे आम्ही नौदलासाठी लहान युद्धनौका बांधतो, आणि त्यांच्या वजनांचा हिशेब माझ्याकडे असतो.

लहान युद्धनौका म्हणजे मोठीचं पिल्लू नव्हे, हे आधी डोक्यातून काढा. मोठ्या जहाजाला खोल पाणी लागतं. शत्रूची पाणबुडी किनाऱ्याजवळ येऊन दबा धरून बसली, तर तिथे मोठं जहाज काय डोंबल करणार? तिथे लागते ही आमची. पन्नासेक मीटर लांब, तीनशे टनांची, उथळ तळाची, मागे पंख्यांऐवजी पाण्याचे झोत सोडत पळणारी. तिच्यावर तोफ हवी, पाणतीर हवेत, पाण्याखालचं ऐकणारं यंत्र हवं, रडार हवं, आणि चाळीस माणसांची निजण्या-जेवण्याची सोय हवी. दोन खोल्यांत लग्नघर मांडण्यातला प्रकार. त्यात जो येतो तो म्हणतो, मॅडम, आमचं एवढं एकच वाढवा. आणि हे एवढं-एवढं सगळं वर चढतं, कारण खाली जागाच नसते. वर वजन वाढलं की जहाज वळताना जास्त कलतं आणि कललेलं लवकर सरळ होत नाही. नाकापेक्षा मोती जड, असं होऊन बसतं. म्हणून जहाजावर चढणारी एकेक वस्तू तोलायची असते. अवजड सामान क्रेनने जातं, ते क्रेनलाच तोललं जातं. बाकी हातगाडीने जाणारं सगळं, फळीवरून चढायच्या आधी, बालाजीरावांच्या काट्यावर थांबतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी लॅपटॉपची बॅग अडवली. उन्हाने जीव चाललेला, वर जहाजावर माणसं खोळंबलेली, आणि हा किडकिडीत म्हातारा इस्त्रीच्या शर्टात शांतपणे म्हणतोय, काट्यावर ठेवा. मी मराठीत पुटपुटले, "काय म्हातारा आहे, जीव खातोय नुसता."

"म्हातारा होव," ते मराठीतच म्हणाले. "जीव नाही खात. ब्याग ठेवा खाली."

माझं तोंड असं झालं! ते तंजावरचे निघाले. साडेतीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या लोकांची ती मराठी, तमिळच्या हेलात बोललेली. 'सगळं' म्हणायचं तर ते 'अस्कं' म्हणणार, 'मला'च्या जागी 'मज'. यार्डात माझ्याशी मराठी बोलणारा एवढा एकच माणूस, आणि तोच माझी बॅग उतरताना पुन्हा तोलायचा. कारण विचारलं तर म्हणाले, "चढताना तीन किलो दोनशे होती. उतरताना तीन किलो जाली तर दोनशे कोठे राहिले, ते नको काय पुसायला?"

हा त्यांचा खाक्या. वय त्रेसष्ट. नोकरीतून निवृत्त झाल्यावर यार्डाने त्यांना कंत्राटावर परत बोलावलं होतं, मार्चअखेरपर्यंत. रंगाचे डबे भरलेले तोलायचे आणि रिकामे झाल्यावर परत तोलायचे, कारण रंगारी एक हात जास्त मारतो असा त्यांना दाट संशय. कारखान्यातून आलेल्या वस्तूवर वजन छापलेलं असलं तरी तोलायची. "कागद लबाडी करतो, काटा करत नाही," म्हणायचे. कॅप्टनच्या खोलीसाठी कोणी गणपतीची तसबीर आणली, तर ती काट्यावर ठेवून, आधी हात जोडून, मग आकडा लिहिला. हातगाडीसुद्धा स्वतः ढकलायची. दुसऱ्याने ढकलली की वाटेत तिच्यात भर पडते म्हणे. लोक हसायचे, पाठीमागे शिव्या घालायचे. मला मात्र तो माणूस फार आवडायला लागला. आपल्यासारखंच कोणीतरी भेटलं की बरं वाटतंच की!

एकदा जेवताना ते मला म्हणाले, "क्षमाबाई, एकोणीस जहाजं तोललों. एकावर बसून बंदराबाहेर गेलों नाही."

"का?"

"समुद्रावरच्या चाचणीला मोजकी माणसं घेतात. माझं काय काम तेथे? फुकट अठ्ठावन्न किलो."

मी तिथल्या तिथे ठरवलं. यादी माझ्या हातात असते. या विसाव्या जहाजाच्या चाचणीच्या यादीत मी त्यांचं नाव घातलं: बालाजीराव, अठ्ठावन्न किलो. ते ऐकून त्यांनी ताटातला भात चिवडला, वर पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने, सईबाईंनी, वेस्ट मांबलमहून माझ्यासाठी डबा पाठवला. तोही आधी काट्यावरून आला असणार, मला खात्री आहे.

त्याच सुमाराला मी दुसरी एक गोष्ट केली. त्यांची हातगाडी जुनी, लोखंडी, एक चाक अडणारं. ती ढकलून ढकलून ते कमरेत वाकले होते. मी मागे लागून, अर्ज करकरून, ॲल्युमिनियमची नवी गाडी मागवली. ती आली नेमकी आयुधपूजेच्या दिवशी. आमच्या कोल्हापुरात खंडेनवमीला हत्यारं पुजतात, इथे तर अख्खं यार्ड पूजेत. वेल्डिंगच्या यंत्रांना झेंडू, क्रेनला केळीचे खुंट, आणि बालाजीरावांचा काटा बंद करून, पुसून, चंदन-कुंकू लावून ठेवलेला. त्या दिवशी कोणी आयुधाला कामाला लावत नाही. मी नव्या गाडीला स्वतः कुंकू लावलं आणि दांडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. "बेस," एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून 'बेस' म्हणजे फार झालं.

आता जानेवारीवर येते.

जहाज पाण्यात उतरून बहुतेक सामान चढलं की एक परीक्षा असते. वारा पडलेली सकाळ बघायची, दोर सैल सोडायचे, माणसं उतरवायची, आणि माहीत असलेल्या वजनाचे लोखंडी ठोकळे डेकवर या बाजूचे त्या बाजूला न्यायचे. जहाज किंचित कलतं. आत एक लांब लंबक टांगलेला असतो, तो किती सरकला ते बघायचं. जहाज किती बुडालंय त्यावरून एकूण वजन कळतं, आणि लंबकावरून ते वजन किती उंचावर आहे ते कळतं. इथे कोणाची वशिलेबाजी चालत नाही. समुद्र बरोबर सांगतो.

समुद्राने सांगितलं, आमच्या नोंदींपेक्षा सहा टन शंभर किलो जास्त. आणि जवळजवळ सगळे वरच्या मजल्यांवर.

मी तीनदा गणित केलं. आकडा हलेना. आमचे प्रकल्पप्रमुख विजयकुमार यांनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. ते तमिळ माणूस, आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते.

"नोंदीत नाही आणि जहाजावर आहे. सहा टन. कुठून आले?"

"शोधते सर."

"खाली लोखंड भरून तोल सांभाळता येईल. पण मग जहाज खोल बसेल, वेग पडेल, आणि नौदल ते घेणार नाही. मला कारण हवं आणि माणूस हवा. एक नाव."

झालं. मला संशयाचं लायसनच मिळालं. रंगाऱ्यांचे डबे तपासले. केबल टाकणाऱ्यांनी जास्तीचे वेटोळे आत सोडलेत का, ते पाहायला छताच्या पोकळीत सरपटत गेले आणि कोपर सोलून आले. क्रेनने चढलेलं सामान नोंदींशी ताडलं. ते अगदी चोख निघालं. म्हणजे जे काही मुरत होतं ते हातगाडीच्या वाटेने. आणि त्या वाटेवर माणूस एकच.

त्या दिवसापासून माझी नजर फिरली. जे काल आवडत होतं तेच आज खटकायला लागलं. कोणाला गाडी ढकलू देत नाहीत, का बरं? दुसऱ्याच्या हाताला खरं वजन जाणवेल म्हणून? संगणकात आकडा भरून झाला की पिशवीतून एक जाड वही काढून तिच्यात काहीतरी लिहितात, आणि कोणी जवळ आलं की मिटतात. ही वही यार्डाची नव्हे. मग कोणाची? एकदा ते पाणी प्यायला गेले तेव्हा मी ती उघडली. चोरासारखी, हो. आणि आतलं एक अक्षर मला वाचता येईना. तमिळ नाही, इंग्रजी नाही, देवनागरीही नाही. एका रेघेखाली लोंबणारी, एकमेकांत गुंतलेली गिचमीड. आकडे तेवढे कळत होते, आणि ते संगणकातल्या आकड्यांशी जुळत नव्हते. प्रत्येक आकडा मोठा होता.

"ती मोडी आहे बाई," मागून आवाज आला. मी दचकून वही सोडली. "माझे वडील शिकवले. इकडे कोण्हास वाचतां येत नाही, म्हणून त्यांत लिहितों."

कोणाला वाचता येऊ नये म्हणून! मी ओशाळून हसले आणि मनात म्हटलं, सापडलात.

शनिवारी ते जॉर्ज टाउनला जातात हे मला ठाऊक होतं. त्या शनिवारी मी मागोमाग गेले. लोखंडाच्या, साखळ्यांच्या, दोरांच्या घाऊक दुकानांमधून, हातगाड्यांचे धक्के खात. ते एका तराजू-काटे दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात शिरले, जड पिशवी घेऊन. अर्ध्या तासाने हलक्या हाताने बाहेर पडले. मग मी आत गेले. मालकाचं नाव मुरली. मोडक्या तमिळमध्ये विचारलं, राव इथे का येतात?

मुरली हसला. म्हणाला, "राव सार ना? ते स्वतःची वीस किलोची मापं माझ्याकडे तपासून घेतात. त्यांनी काटा तपासायचा, मी त्यांची मापं तपासायची. माझ्यावरही विश्वास नाही, दोन वेळा करायला लावतात. डोकं खातात, अम्मा."

दुसऱ्या कोणाला यात काय दिसलं असतं? मला दिसलं ते असं: मापं बिघडवली की काटा आपोआप बिघडतो, आणि हा दुकानदार सामील आहे. संशयाला एकदा पाय फुटले की तो जॉर्ज टाउनपर्यंत चालत जातो, आणि परत येताना आपलंच म्हणणं खरं करून येतो. सोमवारी मी काटा तपासला. तो बरोबर निघाला. तरी मी थांबले नाही. म्हटलं, मी मागावर आहे हे कळलं असेल, म्हणून आधीच नीट करून ठेवला असेल!

मी विजयकुमारांना लेखी दिलं. हातगाडीने गेलेल्या वजनाच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत. संबंधित माणूस वेगळी, मोठ्या आकड्यांची वही लपवून ठेवतो. त्याचा हेतू तपासावा. नाव लिहिलं. सही केली. कंत्राटदारांनी हाताशी धरलं असावं, असं तोंडीही सुचवलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

दुसऱ्या दिवशी बालाजीरावांचा पास रद्द झाला. पहाऱ्यावरच्या माणसाने फाटकातच तो काढून घेतला. त्यांनी कारण विचारलं. 'वजनात सहा टन शंभर किलोंची तफावत' एवढंच त्यांना सांगितलं गेलं. मी वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून बघत होते. ते भांडले नाहीत. परत फिरण्याआधी काट्याच्या शेडकडे एकदा पाहिलं, आणि कंपनीच्या बसऐवजी रस्त्याने चालायला लागले. ते वळणाआड होईपर्यंत मी खिडकीतून हलले नाही. पण म्हटलं, चूक त्यांची आहे, मी काय करू?

चौथ्या दिवशी फाटकावरून फोन आला. राव सार आलेत, आत सोडता येत नाही, तुम्हालाच भेटायचं म्हणतात. मी गेले. मध्ये आडवा दांडा, पलीकडे ते. तोच इस्त्रीचा शर्ट, दाढी वाढलेली. हातात ती वही आणि एक घडी केलेला कागद.

"सांपडले," ते म्हणाले. "सहा टन सांपडले, क्षमाबाई."

"कुठे?"

"माझ्यांत. मीच केलों."

मला वाटलं, आता कबुली देणार.

"संगणकांत सामानाचं निव्वळ वजन भरतों आपण. गाडीसकट किती आलं तें तेथे राहत नाही. या वहींत राहतं. मी पहिल्यापासून लिहितों, संगणकावर माझा भरवसा नाही. घरी बसून अस्की वही पाहिलों. गाडीसकट जें येतं, त्यांतून मी गाडीचे एकाहत्तर वजा करतों. दर फेरीला एकाहत्तर." ते थांबले. "जुनी गाडी एकाहत्तर किलोची."

मी वळून शेडमधल्या नव्या गाडीकडे पाहिलं.

"पास काढून घेतले त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ती नवी गाडी रिकामी काट्यावर राहिली होती. काटा अठ्ठेचाळीस दाखवत होता. तेव्हां डोळ्यांनी पाहिलों, डोक्यांत शिरलं नाही. घरी गेल्यावर शिरलं. दर फेरीला तेवीस किलो मी कमी लिहिलों. दसऱ्यापासून दोनशे साठ फेऱ्या."

दोनशे साठ गुणिले तेवीस. पाच हजार नऊशे ऐंशी. मी फाटकात उभ्या उभ्या बोटांवर केलं.

"उरले शंभर-सव्वाशे," ते म्हणाले, "ते रंगाऱ्याचे. मी सांगत होतों."

त्यांनी कागद पुढे केला. इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं निवेदन. नवीन गाडी वापरात घेताना ती तोलण्याची जबाबदारी माझी होती, मी ती तोलली नाही, चूक पूर्णपणे माझी आहे. मी वरपासून खालपर्यंत वाचलं, मग परत वाचलं. गाडी कोणी आणली, कोणाच्या अर्जाने आली, कोणी बदलली, याबद्दल एक अक्षर नव्हतं. माझं नाव कुठेच नव्हतं. गाडी बदलली तर नोंद बदला, हे सांगायचं काम खरं तर माझं. वजनांची प्रमुख मी! आणि मी कुंकू लावून मोकळी झाले होते. तीन आठवडे साऱ्या जहाजावर चोर शोधत फिरले, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"पण बालाजीराव," मी म्हटलं, "तुम्ही गणपतीची तसबीर तोलता. माझी बॅग तोलता. ती गाडी का नाही तोललीत?"

"त्या दिवशी काटा पूजेंत होता."

"दुसऱ्या दिवशी?"

ते दांड्यावरची धूळ अंगठ्याने पुसत राहिले.

"दुसऱ्या दिवशी तोलायला घेतलों होतों. गाडीवर तुमचं कुंकू तसंच होतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही दिलांत म्हणून नाही तोललों. लेकीनं दिलेलं कोणी काट्यावर घालतं काय?"

मी तिथेच रडले. पहाऱ्यावरचा माणूस दुसरीकडे बघायला लागला. बालाजीरावांना मी सांगितलं, तुमच्याविरुद्ध कागद मीच दिला. ते म्हणाले, "ठाऊक आहे. तुमच्याशिवाय तेवढं बारीक कोण पाहतं येथे?" आणि वही माझ्या हातात दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी विजयकुमारांकडे गेले, झालं ते सगळं सांगितलं, आणि माझं नाव घालून दुसरा कागद दिला. ते म्हणाले, म्हाताऱ्याने सही करून टाकलीय, तू कशाला मध्ये पडतेस? मी म्हटलं, मध्ये मीच होते सर. त्यांनी कागद घेतला. मला ताकीद मिळाली, ती मिळायलाच हवी होती. पण बालाजीरावांचा पास काही परत मिळेना. वरपर्यंत कागद गेलाय, चौकशी बंद होईपर्यंत नियम नियम. मी दिलेला एक कागद एका दिवसात वर पोचला होता. मागे घ्यायचा तर तो पायरी पायरीने चढत होता.

आता सहा टन कुठे बसलेत ते वहीशिवाय कळणार नव्हतं, आणि वही त्यांच्याशिवाय कोणाला वाचता येत नव्हती. म्हणून चार रविवार मी वेस्ट मांबलमला गेले. त्यांनी मोडी वाचायचं, मी लॅपटॉपवर भरायचं, सईबाईंनी मध्येमध्ये स्टीलच्या वाटी-पेल्यातून कॉफी आणायची. सईबाई पहिल्या रविवारी माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या रविवारी म्हणाल्या, "रात्रभर जागे राहून ही वही पाहत होते, ठाऊक आहे?" मी म्हटलं, ठाऊक आहे. तिसऱ्या रविवारी त्यांनी मला जेवायला थांबवलं. कुठल्या फेरीचं सामान कुठे बसलंय, ते एकेक करून लागलं. वरच्या मजल्यावरची पोलादी कपाटं काढून हलकी बसवली, आडभिंतींना दुहेरी लावलेले पत्रे उतरवले, केबलींचे जास्तीचे वेटोळे कापले. मार्चमध्ये पुन्हा परीक्षा घेतली. लंबक हवा तेवढाच सरकला. खाली लोखंड भरावं लागलं नाही.

समुद्रावरची चाचणी सत्तावीस मार्चला ठरली. यादीत त्यांचं नाव मी तसंच ठेवलं होतं. विजयकुमारांनी ते खोडलं नाही, पण पासाची सही येईल म्हणून आम्ही सव्वीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि ती आली नाही. मी सांगायला त्यांच्या घरी गेले. काय तोंडाने जिना चढले ते माझं मला माहीत.

ते ऐकून घेऊन म्हणाले, "पासाविना माणूस आंत नको. मीही सोडलों नसतों." मग विचारलं, "ती गाडी तोललीत?"

"तोलली. अठ्ठेचाळीस."

"दोनदा?"

"दोनदा."

"बेस."

सईबाईंनी आतून स्टीलचा एक डबा आणला. रव्याचे लाडू, जहाजावरच्या लोकांसाठी. बालाजीरावांनी तो त्यांच्या हातून घेतला, स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ठेवला, आणि झाकणाला चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने लिहिलं: ६४० ग्रॅम. मला देताना मात्र हात मागे घेतला.

"क्षमाबाई, मी दिलों म्हणून तसाच नेऊं नका."

सकाळी मी फळीपाशी आले. काट्याच्या शेडमध्ये आता नवी मुलगी होती, जननी. यादी घेऊन एकेकाला आत सोडत होती. बालाजीरावांच्या नावापुढे तिने फुली मारली, अठ्ठावन्न किलो वजा केले. मला म्हणाली, "तुम्ही जा मॅडम, डब्याला काय करायचंय, त्यावर वजन लिहिलंय की." मागे माणसं खोळंबली होती.

मी डबा लहान काट्यावर ठेवला. सहाशे चाळीस. उचलला, काटा शून्यावर आला, परत ठेवला. बालाजीरावांनी दिला होता, म्हणून दोनदा तोलला.